जळक्या माळावरची दुपार

यंदा गवतमायच्या दर्शनाला जाताना आमच्या एल्फांच्या टोळीला पसाऱ्याचं, माळभर शेजारीशेजारी पसरून चालणाऱ्या टोळ्यांचं, डावं टोक मिळालं, म्हणजे दिवसभर शेजारी कोणी नाही आणि गाणंसुद्धा वाऱ्याने अर्धंच येतं. मधल्या टोळ्या चरण उचलतात, तो आपल्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांचा पुढचा सुरू झालेला, मग कुठे धरायचं कळत नाही आणि फार चिडचिड होते. पण पसरून चालायलाच पाहिजे. एकामागे एक गेलो तर माती दबते, गवत जातं, वाट पडते, आणि गवतमायच्या अंगावर वाट पाडत तिच्याच दर्शनाला कसं जायचं? हे मला मनापासून पटतं, तरी टोक नको वाटतं.

उभे दगड झाले, जोडतळी झाली, मोठा उतार झाला. कुठला मुक्काम आधी, कुठला नंतर, ते आता डोक्यात सगळं मिसळलंय.

जळका माळ मात्र लख्ख आठवतो. वणवा येऊन गेलेला, काळे खुंट टोचत होते आणि त्यांच्याच बुडातून हिरवं वर आलेलं. सकाळी दवाने जोडे चिंब झाले, दुपारच्या उन्हात ते वाळून कडक झाले आणि टाचेला एवढा मोठा फोड आला की पाऊल टेकवेना. आमचा कळप पुढे गेला. कळप थांबत नाही, थांबला तर तिथलं गवत खरवडून निघतं, हे माहीत असून त्या क्षणी सगळ्यांचा राग आला.

मागून एक आजी आली, दुसऱ्या टोळीची, पाठीवर शेण्यांची टोपली. एल्फाला वय विचारत नाहीत, पण हिने नदीला पात्र बदलताना पाहिलेलं म्हणे. नाव-गाव काही न विचारता खाली बसवलं, सुईने लोकरीचा धागा फोडातून आरपार ओढला आणि तसाच ठेवला, पाणी झिरपायला. "कातडी सोलू नकोस पोरी, तिच्याखालीच नवी येते." मग घोड्यावरचा तंबू सोडून त्याच्या नमद्याचा, लाटलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा, तुकडा कापला. मी म्हटलं, "आजी, तंबूचा नको गं, पाऊस येईल." तिने ऐकलंच नाही, टाचेखाली घालून बांधून टाकला. वर आंबलेलं घोडीचं दूध पाजलं आणि हल्लीच्या पोरी कशा धावतात यावर इतका वेळ बोलत राहिली की मला कधी एकदा निघते असं झालं. आणि बोलता बोलताच तिने सकाळचा चरण उचलला, अगदी पहिल्यापासून, सावकाश. सगळा शब्द न शब्द पहिल्यांदाच नीट ऐकू आला. मी गात होते आणि रडत होते.

त्या रात्री पाऊस आलाच. मला झोप नाही.

मायच्या कुरणावर सगळ्या टोळ्या जमल्यावर नुसता गोंगाट, पाणवठ्यावर घोड्यांची मारामारी, पोरं हरवलेली. मी आणि बहिणींनी लोकर भिजवून, लाटून तुकडा तयार केला आणि आजीचा तंबू शोधला. तिने उजेडात धरून बघितला. "पातळ झालाय. अजून लाटायला हवा." मग तिच्याबरोबर बसून तो पुन्हा भिजवला, पुन्हा लाटला, अंधार पडेपर्यंत. आमच्या कुरणाचं मूठभर बी मायला वाहायचं होतं ते राहिलंच, दुसऱ्या दिवशी वाहिलं.