डेटा एकच, मग ४१ जीबी गेले कुठं?

पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंगमध्ये मी हिशेब पाहतो. कॉम्प्युटरमधलं थोडं कळतं म्हणून सर्व्हरही माझ्याच गळ्यात. ऑफिसात दोन लिनक्स मशीन: एकावर पोस्टग्रेस (आमचा डेटाबेस), दुसरीवर त्याचा रेप्लिका, म्हणजे आपोआप होत राहणारी नक्कल. दोन्हींत १२० जीबीची एसएसडी. ऐन हंगामात सहज 'डीएफ' (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) मारून पाहिलं तर मुख्य मशीनवर ९९ जीबी भरलेले, रेप्लिकावर ५८. मुख्य मशीनवर मोकळे जेमतेम ५. डिस्क भरली की पोस्टग्रेस बंद, काटापावती बंद, आणि बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरची ही रांग.

नागपूरच्या मित्राला फोन लावला. तो म्हणे, "टेबलं फुगली असतील बे, व्हॅक्यूम फुल मार." नाही मारलं ते बरं झालं. ती कमांड टेबलातली वाया गेलेली जागा सोडवायला टेबलाची अख्खी नवी प्रत लिहिते आणि तोवर टेबलाला कुलूप. ५ जीबीत कसली प्रत अन् कसलं काय! शिवाय रेप्लिका म्हणजे डेटाची हुबेहूब नक्कल. टेबलं फुगली असती तर दोन्हीकडं फुगली असती. म्हणजे दुखणं डेटाबेसच्या टेबलांत नव्हतंच. (१२० ची डिस्क 'डीएफ'ला ११० च दिसते, कारण ते १०२४ च्या हिशेबानं मोजतं. ११० मधून ९९ गेले तर ११ उरायला हवेत, ५ च कसे? एक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टिम ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मशीनच्या मुख्य युजरसाठी, राखून ठेवते. तेही दोन्हीकडं सारखंच.)

मग रूट होऊन 'डीयू' चालवलं. मुख्य मशीनवरही ५८! 'डीयू' फोल्डरात दिसणाऱ्या फायली मोजतं, 'डीएफ' फाइलसिस्टिमनं वाटलेली जागा सांगतं. म्हणजे ४१ जीबी होते, पण दिसत नव्हते.

'एलएसओएफ' या उघड्या फायली दाखवणाऱ्या कमांडनं पुसलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फायली काढल्या. १७ जीबीची लॉग फाइल निघाली. दिवाळीआधी मीच ती उडवली होती. पण पोस्टग्रेसनं ती धरून ठेवलेली. नाव गेलं, जागा तशीच. चालू प्रोग्रामच्या उघड्या फायली जिथं सापडतात त्या 'प्रॉक' फोल्डरातून ती शून्यावर आणली, रीस्टार्टची गरज पडली नाही.

उरलेल्या २४ जीबींनी दोन दिवस खाल्ले. लॉग पाहिले, टेम्प पाहिलं, वॉल (पोस्टग्रेसच्या बदलनोंदींच्या फायली) पाहिले, सगळं जागच्या जागी. शेवटी एसएसडीवरची मुख्य (रूट) फाइलसिस्टिम दुसऱ्या फोल्डरवर बाइंड माउंट केली, म्हणजे वर जोडलेल्या डिस्क वगळून खालचं दिसतं, आणि तिथं 'डीयू' मारलं. बॅकअपच्या फोल्डरात तीन रात्रींचे डंप (डेटाबेसच्या बॅकअप फायली)! या फोल्डरावर एरवी बाहेरची हार्डडिस्क माउंट असते, म्हणजे जोडलेली असते, म्हणून खालचं झाकलेलं.

झालं असं होतं की एकदा लाइन गेली ती यूपीएस संपेपर्यंत आलीच नाही. आल्यावर सर्व्हर आपोआप उठला, हार्डडिस्क नाही. तिचा अडॅप्टर साध्या सॉकेटवर, कूलरच्या शेजारी, आणि बटण कोणीतरी बंद केलेलं. सुरू होताना कुठली डिस्क जोडायची ते ज्यात लिहितात त्या फस्टॅब फाइलमध्ये 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढं चल) मीच लिहिलं होतं, त्यामुळं मशीननं तक्रारही केली नाही. तीन रात्री डंप रिकाम्या फोल्डरात, म्हणजे एसएसडीवरच पडत राहिले. चौथ्या दिवशी मी हार्डडिस्क माउंट केली आणि आपल्याच हातानं त्यांच्यावर पांघरूण घातलं.

डंप हार्डडिस्कवर हलवले. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत आता माउंट आहे की नाही ते तपासतो, नसेल तर डंप घेतच नाही. अडॅप्टर यूपीएसवर नेला. दोन्हीकडं 'डीएफ' ५८ दाखवतंय. कूलरशेजारच्या सॉकेटवर आता काट्यावरच्या भाऊचा मोबाइल चार्ज होतो.