सोलर पॅनेल अंधारात पेटवून पाहिलं

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी इलेक्ट्रोल्युमिनेसन्स (करंट दिल्यावर पदार्थातून प्रकाश निघणं) हा विषय घेतला, तो होस्टेलच्या गच्चीवरच्या दोन पॅनेलमुळे. त्यांची वीज शेजारच्या पॅनेलपेक्षा कमी पडत होती, आणि काचेवर तर साधा ओरखडाही नव्हता.

सोलर सेल म्हणजे एक मोठा डायोडच, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा. उन्हात तो प्रकाश घेऊन करंट देतो. अंधारात बाहेरून करंट सोडला की तोच प्रकाश देऊ लागतो. सिलिकॉनचा बँडगॅप (त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) 1.12 इलेक्ट्रॉन व्होल्ट, त्यामुळे हा प्रकाश 1150 नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, डोळ्यांना न दिसणारा. तुटून सर्किटबाहेर गेलेला भाग फोटोत काळा येतो. अशा फोटोंवरून सेल तपासता येतात हे जपानमध्ये ताकाशी फुयुकी आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवलं.

यासाठीचे खास कॅमेरे लाखांच्या घरात जातात. आम्ही डिपार्टमेंटचा जुना डीएसएलआर घेतला आणि सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच दुरुस्तीवाल्याकडून काढून घेतली. सिलिकॉनच्या सेन्सरला 1100 नॅनोमीटरच्या पुढचं जवळजवळ काहीच दिसत नाही, म्हणजे हाती लागते ती या प्रकाशाची अलीकडची कडच. म्हणून काळोखी खोली, ट्रायपॉड, लांबलचक एक्स्पोजर आणि दृश्य प्रकाश अडवणारा फिल्टर.

खरी कसोटी फोकसची. अंधारात ऑटोफोकस चालत नाही, शिवाय इन्फ्रारेडचा फोकस दृश्य प्रकाशापेक्षा वेगळ्या जागी पडतो. सरांनी सुचवलं ते कामी आलं: काचेवर छापील कागद चिकटवायचा, लेन्सवर फिल्टर तसाच ठेवायचा आणि जुन्या पिवळ्या बल्बच्या उजेडात स्क्रीनवर अक्षरं स्पष्ट दिसेपर्यंत रिंग फिरवायची. एलईडी इथे उपयोगाचा नाही, त्यात इन्फ्रारेड जवळपास नसतोच.

पॉवर सप्लायचा प्लस पॅनेलच्या प्लसलाच जोडायचा. करंटची मर्यादा मागच्या लेबलवरच्या शॉर्ट सर्किट करंटएवढी ठेवायची. आमच्या पॅनेलला 9 अँपिअरच्या आसपास. हातमोजे हवेतच. मग या करंटच्या दहाव्या हिश्शावर दुसरा फोटो काढायचा. चिरेपलीकडचा भाग दोन्ही फोटोंत काळा असेल तर तो पूर्ण तुटलेला. कमी करंटला उजळला तर जोड अजून थोडाफार शिल्लक आहे.

पहिल्या पॅनेलच्या 60 पैकी सलग 20 सेल ठार काळे आले. एवढे सेल एकदम मरत नाहीत, संशय बायपास डायोडवर गेला, म्हणजे सेलांच्या एका गटात अडचण आली की करंटला वळसा घालून जाऊ देणाऱ्या डायोडवर. मागचा जंक्शन बॉक्स उघडला, डायोड सुटा केला, मल्टिमीटर लावला, तर दोन्ही बाजूंनी बीप. शॉर्ट झालेला, म्हणजे करंट सेलांऐवजी त्यातूनच निघून जात होता. नवा बसवला आणि पुढच्या फोटोत ते वीसही सेल उजळले. तो फोटो मी किती वेळ बघत बसले होते!

दुसऱ्याच्या मधल्या सेलांत तिरक्या चिरा होत्या, काहींचे कोपरे पूर्ण काळे. माझ्या मते धुताना पॅनेलवर पाय ठेवले जातात, त्याचं हे फळ. काच वाकते आणि परत सरळ होते, आतला कागदासारखा पातळ सेल तडकून जातो. याला दुरुस्ती नाही. ते पॅनेल आता लॅबमध्ये ठेवलंय, दर सहा महिन्यांनी फोटो काढून चिरा वाढतात का ते बघणार आहोत. होस्टेलवर नवीन पॅनेल येतील तेव्हा गच्चीवर चढवण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढायला सरांनी परवानगी दिली आहे.