आमची वाटचाल : सॅनिटायझरच्या बाटलीसोबत पीएचच्या पट्ट्या

साकीनाक्याच्या भाड्याच्या गाळ्यात आम्ही व्यवसाय सुरू केला, तेव्हा मसजिद बंदरच्या व्यापाऱ्यांकडून रसायने आणून किरकोळ विकणे एवढेच आमचे काम होते. भांडी आणि पाइप जंतुमुक्त करणाऱ्या आम्लयुक्त सॅनिटायझरकडे आम्ही वळलो ते परवानाधारक मायक्रोब्रुअरी (छोट्या प्रमाणावर बिअर करणारे) आणि कोंबुचा, म्हणजे आंबवलेला चहा, करणारे छोटे उद्योजक यांच्या मागणीमुळे. परदेशात घरी बिअर करणारे हौशी लोक हे सर्रास वापरतात. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य करणे गुन्हा असल्याने त्या गिऱ्हाइकाच्या मागे आम्ही लागलो नाही.

मालात मुख्यतः फॉस्फोरिक आम्ल आणि डोडेसिलबेंझीन सल्फोनिक आम्ल असते. लिटरभर पाण्याला साधारण दीड मिलिलिटर पुरते, स्वच्छ भांडे एक-दोन मिनिटे ओले राहिले की काम होते आणि नंतर ते पाण्याने विसळावे लागत नाही. विक्री सुरू झाली, तशी अंधेरीच्या एका ग्राहकाची तक्रार आली की सकाळी केलेले द्रावण संध्याकाळपर्यंत दुधट होते. भातसा-तानसाचे पालिकेचे पाणी मृदू असते, परंतु त्यांच्या इमारतीच्या टाकीत टँकरचे, म्हणजे बोअरचे पाणी मिसळले जात होते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सल्फोनिक आम्लाला धरून बसतात, तर बायकार्बोनेट आम्लच खाऊन टाकते. आम्ही त्यांच्यासमोर दोन बरण्या भरल्या, एक आरओच्या पाण्याची आणि एक टँकरची. दुसऱ्या दिवशी पहिलीच्या पलीकडे धरलेले लेबल स्वच्छ वाचता येत होते, दुसरीतून अक्षरांचा नुसता काळपट पट्टा दिसत होता.

तेव्हापासून प्रत्येक बाटलीसोबत आम्ही पीएचच्या, म्हणजे द्रावणाची आम्लता दाखवणाऱ्या, पट्ट्या देतो. पीएच ३ च्या वर गेला, म्हणजे आम्लता कमी पडली, की द्रावण ओतून द्यावे, हा आमचा नियम आहे. १ ते १४ पर्यंतच्या स्वस्त पट्टीवर ३ आणि ४ मधला फरक धड कळत नाही, म्हणून आम्ही अरुंद टप्प्याच्या पट्ट्या मागवतो, जरी त्यांत नफा जवळपास नसला तरी. आरओच्या पाण्यातले द्रावण झाकून ठेवल्यास कित्येक आठवडे टिकते, त्यामुळे ग्राहक दुसरी बाटली उशिरा घेतो. आमच्या हिशेबनिसांना हे अजून पटलेले नाही.

वापरणाऱ्याची घाई मात्र पट्टीने थांबत नाही. कॉस्टिक सोड्याने, म्हणजे तीव्र अल्कलीने, धुतलेला पाइप न विसळता तसाच बुडवला, तर उरलेला अल्कली आम्ल मारून टाकतो, आणि भांड्याला चिकटलेला साका सॅनिटायझरने निघत नाही, तो आधी घासूनच काढावा लागतो. ब्लीच तर या द्रावणाच्या जवळही नेऊ नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. हे वाक्य लेबलवर आम्ही लाल शाईत छापतो. टँकरच्या पाण्याखेरीज पर्याय नसलेल्या ग्राहकांना आम्ही द्रावण त्या दिवसापुरतेच करायला आणि काम संपताच ओतून द्यायला सांगतो.