गिळला न गेलेला प्रकाश

झोत असलेल्या सक्रिय दीर्घिकांविषयी वाचताना गॅमा किरण तयार कसे होतात यापेक्षा ते तिथून सुटतात कसे, हा प्रश्न मला नेहमीच अधिक अवघड वाटत आला आहे. निर्मितीची गोष्ट त्यामानाने सरळ आहे. केंद्रातील महाकाय कृष्णविवराजवळून निघणाऱ्या झोतातील अतिवेगवान इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेच्या फोटॉनांवर आदळतात आणि त्यांना गॅमा किरणांच्या ऊर्जेपर्यंत चढवतात. (प्रोटॉनांनाही यात वाटा देणारा एक पक्ष आहे, तो वाद आज बाजूला ठेवतो.)

खरी अडचण त्यानंतरची. पुरेशा ऊर्जेच्या गॅमा फोटॉनाची एखाद्या मऊ, म्हणजे कमी ऊर्जेच्या, फोटॉनाशी गाठ पडली, तर दोघेही नाहीसे होऊन इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची जोडी जन्माला येते. समोरासमोरच्या टकरीत दोघांच्या ऊर्जांचा गुणाकार ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (म्हणजे एका इलेक्ट्रॉनाच्या वस्तुमानाइतक्या ऊर्जेच्या) वर्गाइतका तरी भरावा लागतो, त्यामुळे १ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोटॉनाचा घास घ्यायला साधा अवरक्त प्रकाशही पुरतो.

जुलै २००६ मध्ये गॅमा किरण टिपणाऱ्या नामिबियातील हेस दुर्बिणींना पीकेएस २१५५-३०४ या ब्लेझारची (झोत आपल्या दिशेने रोखलेल्या सक्रिय दीर्घिकेची) तीव्रता काही मिनिटांतच दुप्पट होताना दिसली. प्रकाशाला स्रोत ओलांडायला लागणाऱ्या वेळेपेक्षा झपाट्याने स्रोताची तीव्रता बदलू शकत नाही, म्हणजे ती जागा फारच लहान असली पाहिजे; आणि इतक्या लहान जागेत इतका प्रकाश कोंडला असता, तर हे गॅमा किरण तिथेच शोषले गेले असते. ते आपल्यापर्यंत पोहोचले, याचा अर्थ तो झोत जवळपास प्रकाशवेगाने आपल्याच दिशेने येत आहे आणि डॉप्लर परिणामामुळे तो आहे त्याहून कितीतरी तेजस्वी व चपळ भासतो. हा हिशेब जुळवण्यासाठी डॉप्लर गुणक, म्हणजे या परिणामाचे माप, ५०च्या आसपास किंवा त्याहूनही मोठा धरावा लागतो. अशा ब्लेझारांच्या रेडिओ निरीक्षणांत मात्र झोतातील गाठी बऱ्याच संथ सरकताना दिसतात, आणि ही विसंगती मला अजूनही बोचते.

क्वासारांच्या, म्हणजे अतितेजस्वी केंद्र असलेल्या सक्रिय दीर्घिकांच्या, बाबतीत आणखी एक अडसर असतो. केंद्राभोवतीच्या वायुमेघांतून निघणारे हायड्रोजनचे लायमन-अल्फा फोटॉन १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टचे असतात आणि ते सुमारे २५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे गॅमा किरण शोषू शकतात. तरीही ला पाल्मा बेटावरील मॅजिक दुर्बिणीने २००६ मध्ये ३सी २७९ या क्वासारातून १०० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपलीकडचे किरण टिपले, आणि गॅमा किरणांचा वेध घेणाऱ्या फर्मी उपग्रहाच्या नोंदींतही अनेक क्वासारांच्या वर्णपटात अपेक्षित घट आढळत नाही. यावरून उत्सर्जन मेघांच्या बाहेर, केंद्रापासून बरेच दूर होत असावे, असे म्हणता येते. पण तिथवर पोहोचेतो झोत चांगलाच रुंदावलेला असतो, आणि जून २०१५ मध्ये याच ३सी २७९चा प्रकाश फर्मीला मिनिटांच्या हिशेबात बदलताना दिसला. शोषणाचा अभाव स्रोताला बाहेर ढकलतो, तर चपळाई त्याला आत ओढते. या ओढाताणीवरचा मला सर्वांत पटणारा तोडगा असा, की संपूर्ण झोत उजळत नसून त्याच्या पोटात, चुंबकीय क्षेत्ररेषा तुटून पुन्हा जुळतात अशा ठिकाणी, छोटे उपझोत उसळत असावेत.