डीब्रीफिंगचा पाऊण तास

जहाजावरून उतरून किनाऱ्यावर शिकवायला लागलो, तेव्हा वाटायचं की सिम्युलेटरचा, म्हणजे नकली जहाजावरच्या सरावाचा, एक्सरसाइज रचणं हेच कठीण काम. धुकं, ओहोटी, समोरून येणारी बोट हे सगळं हळूहळू जमतं. कस लागतो तो एक्सरसाइज संपल्यावर, काय झालं ते बोलायला मुलांसमोर बसताना. त्यालाच डीब्रीफिंग म्हणतात.

माझा आवडता एक्सरसाइज मुंबई बंदरात शिरण्याचा. ७ ऑगस्ट २०१० ला इथेच ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर होऊन कंटेनर समुद्रात पडले होते, तेल किनाऱ्यांपर्यंत गेलं होतं. त्यामुळे ‘सर, असं थोडंच होतं’ हे कोणी म्हणत नाही.

ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, चौघं मुलं: कॅप्टन, वॉच ऑफिसर, रडारवर एक, सुकाणूवर एक. मी कंट्रोल रूममध्ये. व्हीएचएफ रेडिओवर व्हीटीएस, म्हणजे बंदरातली जहाजांची वाहतूक सांभाळणारे, मीच आणि इंजिन रूमही मीच. एके दिवशी धुक्यात उजवीकडून एक बोट येत होती. रडारवरच्या मुलाला ती दिसली. कॅप्टन माझ्याशीच व्हीएचएफवर बोलत होता. मुलगा म्हणाला, “सर, एक टार्गेट आहे.” कॅप्टन म्हणाला, “हं.” पुढे बराच वेळ कोणी काही बोललं नाही. बोट धुक्यातून अंगावर आली तेव्हा ‘हार्ड अ स्टारबोर्ड’ झालं, म्हणजे सुकाणू पूर्ण उजवीकडे. थोडक्यात निभावलं, आणि कॅप्टन खुशीत बाहेर आला.

अशा वेळी सरळ रेकॉर्डिंग लावून ‘इथे चुकलं, तिथे चुकलं’ करणं सोपं असतं. मुलंही ‘यस सर’ म्हणत वहीत उतरवतात, संपलं. मी स्क्रीन बंदच ठेवतो. प्रत्येकाला विचारतो, त्या क्षणी तुला काय चाललंय असं वाटत होतं? सुरुवात सुकाणूवाल्यापासून, कॅप्टन सगळ्यात शेवटी. तो आधी बोलला की बाकीचे त्याचीच री ओढतात. वर्गातलाच पोरगा असला तरी कॅप्टन झाला की तो ‘सर’ होतो! मुलांनी एकमेकांच्या कामाबद्दल बोलावं, हे एसटीसीडब्ल्यू कोडमध्येही, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही, सुचवलेलं आहे.

सुकाणूवाला म्हणाला, “मी ऐकलं होतं. वाटलं, कॅप्टनने बघितलं असेल.” रडारवाला म्हणाला, “मी तर सांगितलं होतं, सर.” कॅप्टन म्हणाला, “मला कोणीच काही सांगितलं नाही.” मग तेवढीच दोन मिनिटं आवाजासकट लावली. ‘एक टार्गेट आहे.’ ‘हं.’ खोटं कोणीच बोलत नव्हतं.

रडारवाल्याला विचारलं, “कुठे होतं, किती लांब, सीपीए किती?” सीपीए म्हणजे ते आपल्या किती जवळून जाणार ते अंतर. सगळं त्याच्या स्क्रीनवर होतं. म्हटलं, आता तेच कॅप्टनला सांग. दोनदा पुटपुटला. तिसऱ्यांदा म्हणाला, “कॅप्टन सर, उजवीकडे टार्गेट, दोन मैल, सीपीए शून्य पॉइंट दोन, आपल्याला वळावं लागेल.” कॅप्टनलाही सांगितलं की ‘हं’ चालणार नाही, जे ऐकलंस ते परत म्हणून दाखव. सुकाणूवाला ‘स्टारबोर्ड टेन’ची ऑर्डर परत म्हणतोच की, मग तुला काय धाड भरली?

दुपारच्या एक्सरसाइजमध्ये रडारवाल्याने धडाकाच लावला. प्रत्येक बोया, प्रत्येक मासेमारी बोट. शेवटी कॅप्टन ओरडला, “अरे बस कर ना!” त्या दिवशीचं दुसरं डीब्रीफिंग मी तिथूनच सुरू केलं.