सनबोर्डचा कूलर

मालकांना त्या दिवशी कूलरच्या साच्याची ऑर्डर द्यायचीच होती. नागपुरात कूलर विकायचा तर होळीच्या आत माल दुकानात लागतो. त्यामुळे नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ होरपळत्या दिवसांत, चालणाऱ्या वस्तूचा विचार आम्ही स्वेटर घालून करतो, आणि जानेवारीत चाचणीसाठी कूलर कोणी दारात उभा करू देत नाही.

हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी प्लास्टिक बॉडीचं डिझाइन मी केलं होतं. पाणी भरायचं झाकण उजव्या बाजूला, दिसायला फार सुबक. थ्रीडी प्रिंट घासून, प्रायमर मारून, रंगवून मीटिंगच्या टेबलावर ठेवला. सगळे खूश. सेल्सवाल्यांनी फोटो काढले. चकचकीत मॉडेल समोर असलं की रंगाशिवाय दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. (तो प्रिंट पीएलए नावाच्या प्लास्टिकचा, ६० अंशांच्या आसपास मऊ पडणारा. मागच्या मे महिन्यात गाडीत विसरलेला एक भाग केळ्यासारखा वाकला होता!)

तरी मनात खुटखुट होती. आदल्या रात्री ५ मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका बोर्ड, कापून, ग्लू गननं चिकटवून पूर्ण मापाचा खोका केला. झाकणाला सेलोटेपची बिजागरी. सकाळी ई-रिक्षात घालून महाल या जुन्या वस्तीत, आमच्या ऑफिसात चहा देणाऱ्या काकांच्या घरी गेले. पहिला मजला, खिडकीबाहेर लोखंडी स्टँड. कूलर खोलीत ठेवला तर तीच दमट हवा फिरत राहते. बाहेरची कोरडी हवा ओढायला तो बाहेरच लागतो. मी नागपुरातच वाढले, हे मला माहीत नव्हतं थोडंच! पण कॉम्प्युटरवर कूलर अधांतरी फिरतो, त्याला ना भिंत ना खिडकी.

खोका स्टँडवर चढवला. काकू नळाची नळी घेऊन आल्या. "पाणी कुठून टाकाचं जी?" मी झाकण दाखवलं. त्यांनी गजांतून हात घातला, तो कोपराशी अडकला. बोटं झाकणापासून वीतभर लांब.

"मंग काय, रोज खाली जाऊन शिडी लावू?"

आणि नळीचं टोक दोन गजांमधून सरळ पुढे, पंख्याच्या जाळीखाली टेकवून म्हणाल्या, "इथं भोक द्या ना." भाजीच्या सुरीनं तिथंच चौकोन कापला. नळी बसली.

दुपारी व्हिडिओ दाखवला. "ते जुनं घर आहे. आपलं गिऱ्हाईक फ्लॅटवालं," मालक म्हणाले. फ्लॅटच्या खिडक्यांना ग्रिल नसतं का? हे मी मनातच म्हटलं.

कामी आले ते साचेवाले भाऊ. साच्यातलं पोलाद नंतर खरवडता येतं, पण भरायचं म्हटलं की वेल्डिंग आलं, आणि त्याचा डाग प्रत्येक नगावर उमटू शकतो. म्हणून पुढच्या पट्टीला इन्सर्ट, म्हणजे साच्यात बदलता येणारा वेगळा तुकडा, ठेवू, म्हणाले. मालकांनी तेवढं मानलं. सध्या बिनभोकाचा इन्सर्ट, भोकाचा पुढे विक्री पाहून.

सनबोर्ड मी ऑक्टोबरमध्येच का कापला नाही? खर्च किरकोळ होता. खरं सांगायचं तर मंजुरीची घाई होती, आणि खोका घेऊन मीटिंगला गेले तर नवशिकी दिसेन अशी भीती.

पहिला माल पुढच्या आठवड्यात निघेल. काका चहा ठेवताना रोज विचारतात, "झालं का जी भोक, मॅडम?"