तुमच्याकडे लॉगफोरजे कुठे कुठे आहे?

१० डिसेंबर २०२१, शुक्रवार. आम्ही पुण्यात बसून एका विमा कंपनीची क्लेमची प्रणाली सांभाळतो. त्या दिवशी कॉलवर त्यांच्या सिक्युरिटी प्रमुखांनी सरळ विचारलं, "तुमच्याकडे लॉगफोरजे कुठे कुठे आहे?" त्याचं नेमकं उत्तर कुणालाच देता येईना.

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करणाऱ्यांना ही लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, माहीत असतेच. प्रोग्रॅममध्ये काय घडलं याच्या नोंदी ती लिहून ठेवते. अपाची फाउंडेशनचा ओपन सोर्स प्रकल्प, त्यामुळे फुकट. बँकांपासून माइनक्राफ्ट या गेमपर्यंत सगळीकडे ती बसलेली. २०१३ मध्ये तिच्यात एक सोय घातली गेली आणि तीच आता अंगाशी आली होती. नोंदीच्या मजकुरात जेएनडीआयची (दुसरीकडच्या गोष्टी नावावरून शोधून आणायची जावाची सोय) एक ठरावीक ओळ आली की लायब्ररी त्या ओळीतल्या पत्त्यावर जायची आणि तिथून येणारा कोड चालवायची. लॉगिनच्या चौकटीत नावाऐवजी ती ओळ टाकली आणि सर्व्हरने ती लॉगमध्ये लिहिली, की सर्व्हर परक्याच्या हाती जाऊ शकत होता. धोक्याची श्रेणी दहापैकी दहा.

आम्ही वेब सर्व्हरचा लॉग उघडला. जिथे ब्राउझरचं नाव असायला हवं तिथे ती ओळ येऊन पडलेली. थोडं खाली तीच पुन्हा, पण अक्षरं सुटी सुटी तोडून, फिल्टरला चकवायला. कुणीतरी आमचं दार ठोठावून पाहत होतं.

मग शोध सुरू झाला. आमच्या स्वतःच्या कोडमध्ये लॉगफोरजे लगेच सापडलं. खरा त्रास होता तो आम्ही न लिहिलेल्या गोष्टींचा. रिपोर्ट काढणारं एक विकतचं सॉफ्टवेअर होतं. त्याची जार फाइल, म्हणजे जावाच्या कोडचं गाठोडं, उघडली तर आत दुसरी जार, आणि तिच्या पोटात नाव बदलून गुंडाळलेलं लॉगफोरजे. विकणाऱ्यांना फोन केला, तर ते आत आहे हे त्यांनाही आमच्याकडूनच कळलं. त्यांची दुरुस्ती (पॅच) येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. आम्ही त्या जारमधून जेएनडीआयलुकअप हा क्लास, म्हणजे ती ओळ वाचून पत्त्यावर जाणारा कोडचा तुकडाच, काढून टाकला, टेस्टिंगवर रिपोर्ट निघतोय ना ते पाहिलं आणि मग प्रॉडक्शनला हात लावला.

एका जुन्या सर्व्हरवर लॉगफोरजेची १.२ आवृत्ती निघाली. तिच्यात ही खोट नाही म्हटल्यावर वरच्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं. त्या आवृत्तीची देखभाल २०१५ मध्येच थांबली होती.

बाकी ठिकाणी लॉगफोरजेची दुरुस्त २.१५ आवृत्ती बसवून शनिवार-रविवार गेला. सोमवारी २.१६ आली, कारण आधीची दुरुस्ती अपुरी होती. त्याच आठवड्याअखेर २.१७. दर वेळी तीच बिल्ड, तेच टेस्टिंग, ग्राहकाला तीच मेल. आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला, "या लोकांना एकदाच नीट करता येत नाही का?" या लोकांना म्हणजे कुणाला? नोकरी सांभाळून फावल्या वेळात हा प्रकल्प चालवणाऱ्या मूठभर स्वयंसेवकांना. तेही त्या दिवसांत रात्री जागत होते, आणि आमच्यासारख्या असंख्य कंपन्यांचा धंदा त्यांच्या कामावर उभा होता. मला त्या वाक्याचा राग आला आणि मी तो बोलूनही दाखवला.

पुढच्याच महिन्यात याहून वाईट प्रकार वाचला. इंटरनेटवरून डेटाची ने-आण करणारं कर्ल हे साधन लिहिणारे डॅनियल स्टेनबर्ग यांना एका बड्या कंपनीने लॉगफोरजेबद्दल प्रश्नावली पाठवली होती, २४ तासांत उत्तर द्या म्हणून. कर्ल सी भाषेत आहे, त्यात लॉगफोरजेचा संबंधच नाही. सपोर्टचा करार करा, मग आनंदाने उत्तरं देतो, असं त्यांनी कळवलं. मला ते शंभर टक्के पटलं. ओपन सोर्स लायब्ररी घेताना पैसे लागत नाहीत, म्हणून आपल्याकडे खरेदी विभाग ती बघत नाही, करार होत नाही, कुठे नोंदही राहत नाही. आणि अडलं की मात्र आपण व्हेंडरला झापतो तसं त्या माणसांना झापायला जातो.

आता आमच्या प्रत्येक बिल्डबरोबर आतल्या सगळ्या लायब्ररींची यादी, म्हणजे एसबॉम, आपोआप तयार होते. २०२४ मध्ये सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनेही त्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हापासून ग्राहक ती यादी स्वतःहून मागतात. दुसरी गोष्ट जास्त भांडून मिळवावी लागली. आम्ही वापरतो त्या लायब्ररींमध्ये दोष सापडला तर दुरुस्ती आमच्याच प्रतीत दडवून न ठेवता मूळ प्रकल्पाला पाठवायची, तीही ऑफिसच्या वेळेत. पहिल्या दुरुस्तीला लीगलची परवानगी मिळेपर्यंत कित्येक आठवडे गेले. बदल जेमतेम काही ओळींचा होता. प्रकल्पवाल्यांनी एक टेस्ट वाढवायला सांगितली, ती लिहून दिली, आणि पुढच्या रिलीजमध्ये तो बदल गेला.